गाणाऱ्यांच्या पोटाची काळजी वाहणारे पंडित विष्णु दिगंबर

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की त्यात चार पाककृती, दोन-तीन ओव्या आणि एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असा आपला रिवाज आहे. दुसरबीडच्या बाईने चरित्र लिहायला घेतले की लेखणी आपसूकच जिजाऊ मासाहेबांकडे वळते. सिंदखेडराजा आपल्याला जवळ, आणि तो मान त्यांचाच आहे. पण मासाहेबांवर माझ्याहून जास्त शिकलेल्या भगिनी दरवर्षी लिहितात आणि चांगले लिहितात. मी सातवी शिकलेली गृहिणी. मी यंदा एका गवयाचे चरित्र लिहिते आहे. त्याला कारणही तसेच घडले आहे.

आपल्या गावात पेटी-तबला शिकणारी मुले-मुली आता बरीच झाली. गणपतीत, हरिनाम सप्ताहात त्यांचे कौतुक होते, शाली-नारळ मिळतात. पण तेच मूल दहावी-बारावी होऊन पुढे गाणेच शिकेन म्हणाले की घरात शांतता पसरते. आमच्या घरात माझ्या पुतणीने हा विषय काढला, तेव्हा भाऊजी ताटावरून उठून गेले. गाण्यावर पोट भरते का, हा त्यांचा एकच प्रश्न. हा प्रश्न विचारणारा माणूस रूक्ष असतो असे मला वाटत नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत काढणीला आलेले सोयाबीन पावसात भिजते, त्याने लेकीच्या पोटाची काळजी करू नये तर कोणी करावी?

सव्वाशे वर्षांमागे एका मराठी माणसाने याच प्रश्नाच्या पायी आपला जन्म वेचला. त्यांचे नाव पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. गाणे शिकणाऱ्यांना हे नाव परीक्षेच्या प्रमाणपत्रावरून ठाऊक असते, पण माणूस ठाऊक नसतो.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. हे गाव आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. त्या वेळी ते पटवर्धनांचे संस्थान होते. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ, पण पलूस गावावरून पलुसकर झाले. वडील दिगंबरपंत हरिदास होते, म्हणजे कीर्तन करीत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कीर्तनकाराला नुसता गळा असून भागत नाही. त्याला कथा रंगवावी लागते, अभंगाचा अर्थ उलगडावा लागतो, पेंगणारे म्हातारे आणि रडणारी पोरे या सर्वांना दोन-तीन तास जागेवर बसवावे लागते, आणि शेवटी ताटात जे पडेल त्यात संसार चालवावा लागतो. गाण्याबरोबर आणखी चार गोष्टी अंगी असाव्या लागतात, हे विष्णूने पाळण्यात असल्यापासून पाहिले.

लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात एक फटाका तोंडाजवळ उडाला आणि मुलाचे डोळे अधू झाले. शाळेचे शिक्षण थांबले. आई-बापांच्या जिवाचे काय झाले असेल, हे आपण बायकांनीच ओळखावे. डोळे अधू झालेल्या मुलाला त्या काळी दुसरा व्यवसाय कोणता? गळा गोड होता, म्हणून त्याला मिरजेला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवली ती या बाळकृष्णबुवांनी. तिथे विष्णूने सुमारे नऊ वर्षे विद्या घेतली. गुरूच्या घरी पडेल ते काम करावे आणि ते शिकवतील तेव्हा शिकावे, अशीच त्या काळची रीत होती. मिरजेच्या राजांची त्यांच्यावर मर्जी होती, त्यामुळे पोटाची ददात नव्हती.

मग एक गोष्ट घडली, ती त्यांच्या सगळ्या चरित्रकारांनी सांगितली आहे. मिरजेत एक मोठा समारंभ होता. राजाच्या मर्जीतला म्हणून विष्णूला आमंत्रण आले, पण त्याच्या गुरूला आले नाही. विचारता उत्तर मिळाले की ते काय, गवई आहेत. एवढा मोठा विद्वान, पण समाजात त्याची किंमत ताशा-वाजंत्रीवाल्यासारखी. मला विचाराल तर ताशेवाल्याचीही किंमत कमी का असावी, पण तो प्रश्न निराळा. विष्णूच्या मनाला हे फार लागले. १८९६ मध्ये ते राजाश्रय सोडून मिरजेबाहेर पडले. मिळत होते ते सोडून जाणे सोपे नसते. घरच्यांनी त्यांना वेड्यातच काढले असेल.

ते बडोद्याला गेले, ग्वाल्हेरला गेले. राजदरबारी त्यांचा सन्मान झाला, पण जिथे राहा म्हणाले तिथे ते राहिले नाहीत. सौराष्ट्रात त्यांनी थोडे मोल ठेवून सर्वांसाठी जाहीर गाण्याचा कार्यक्रम केला. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण त्या वेळी चांगले गाणे ऐकायचे तर राजवाड्यात, सरदाराच्या दिवाणखान्यात किंवा देवळात. संगीत नाटकाला तिकीट काढून लोक जात. अण्णासाहेब किर्लोस्करांचे सौभद्र १८८२ पासून गाजत होते. पण नुसत्या गवयाला ऐकायला कोण पैसे देऊन येणार, असा समज होता. विष्णु दिगंबरांनी तो मोडला. एका राजाच्या हजार रुपयांवर जगायचे की हजार माणसांच्या एकेका रुपयावर, याचा विचार त्यांनी केला होता, असे मला वाटते. राजाचे मन फिरले की हजार जातात. हजार माणसांची मने एका दिवसात फिरत नाहीत.

पुढे ते मथुरेला राहिले आणि तिथली व्रजभाषा शिकले, कारण बंदिशी त्या भाषेत असतात आणि अर्थ न कळता गाणे म्हणजे पोपटपंची. तिथून फिरत फिरत पंजाबात गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. कुरुंदवाडचा मुलगा, डोळ्यांनी अधू, घरापासून शेकडो कोस दूर, परक्या मुलखात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी! सुरुवातीला विद्यार्थीच येईनात. भल्या घरची मुले गाणे शिकली तर बिघडतील, अशी तिकडेही समजूत होती. पण हळूहळू मुले आली, मग घरातल्या मुलीही आल्या. विद्यालयाचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीवर, लोकांच्या देणग्यांवर आणि बुवांच्या स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर चाले. एका राजाची मेहेरबानी त्यामागे नव्हती.

आता मी ज्यासाठी हे चरित्र लिहायला बसले, त्या गोष्टीकडे येते.

विद्यालयात दोन तऱ्हेचे विद्यार्थी असत. एक, दिवसाचा तास-दोन तास येऊन हौसेने शिकणारे. दुसरे, उपदेशक वर्गाचे. या वर्गातील मुलांनी नऊ वर्षे तिथेच राहायचे. राहणे, जेवण, शिक्षण सारे फुकट. त्याबदली त्यांनी पुढे गाण्याच्या प्रसाराला वाहून घ्यायचे. ही मुले बहुतेक गरिबाघरची. त्यांतला प्रत्येक जण मोठा गवई होणार नाही, हे बुवांना चांगले ठाऊक होते. मोठा गवई लाखांत एखादा होतो. मग बाकीच्यांनी काय करायचे? ज्या गुरूने नऊ वर्षे मूल आपल्या पंक्तीला बसवले, त्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

म्हणून त्यांनी गाण्याच्या जोडीला गाण्याभोवतीची सगळी कामे उभी केली. पहिले म्हणजे शिकवण्याचे. चांगला गाणारा चांगला शिकवणारा असतोच असे नाही, जशी उत्तम स्वयंपाक करणारी बाई सुनेला शिकवताना चिडचिड करते आणि सून काहीच शिकत नाही. उपदेशक वर्गाच्या मुलांना शिकवण्याची रीत शिकावी लागे. मोठी मुले लहानांना शिकवीत, त्यातच त्यांची तयारी होई. दुसरे, गाणे लिहून काढणे. बुवांनी स्वर आणि ताल कागदावर मांडण्याची आपली स्वतःची लिपी बसवली. माझ्या आजेसासूबाई लोणच्याचे मीठ चिमटीच्या अंदाजाने घालत, आणि त्या गेल्या तेव्हा त्या लोणच्याची चवही गेली. गाण्याचे तसेच होते. गुरूच्या मनात असेल तर शिष्याला मिळे, नाहीतर गुरूबरोबर सरणावर जाई. लिपी झाल्यावर पुस्तके झाली, पुस्तकांसाठी छापखाना काढला. बालप्रकाश, रागप्रवेश, महिला संगीत अशी पन्नासांवर लहानमोठी पुस्तके निघाली, संगीतामृत प्रवाह नावाचे मासिक निघाले. वाद्ये तयार करण्याची आणि दुरुस्त करण्याची व्यवस्थाही विद्यालयात होती. आपल्याकडे पेटीचा भाता फाटला तर ती पोत्यात गुंडाळून एस.टी.ने जालन्याला न्यावी लागते, तेव्हा हे काम येणाऱ्या माणसाची किंमत मला विचारा.

जलसे तर नेहमीच होत आणि मुले बुवांबरोबर गावोगाव हिंडत. जलसा वेळेवर सुरू व्हायचा म्हणजे व्हायचाच. कपडे स्वच्छ हवेत, बैठक ताठ हवी, व्यसन कसले चालणार नाही. गवई म्हटला की दारू आणि बाहेरख्याली असे लोक धरून चालत, ते त्यांना पुसून काढायचे होते. मुले या शिस्तीला कंटाळत असतील. पण चारचौघांत कसे उभे राहावे, अनोळखी गावात कार्यक्रम कसा जमवावा, वेळ कशी पाळावी, दोन शब्द कसे बोलावे, हे ती शिकली. गळा बसला, सर्दी झाली, वय झाले, तरी या गोष्टी माणसाला सोडून जात नाहीत.

स्त्रियांसाठी त्यांनी वेगळे वर्ग चालवले. आपण आज भजनी मंडळात पेटी पुढ्यात घेऊन बिनदिक्कत बसतो, याचे काही पुण्य त्यांच्या खाती जमा आहे. घरच्या मुलींनी म्हणावी अशी गाणी हवीत म्हणून त्यांनी कित्येक जुन्या शृंगाराच्या चिजांचे शब्द बदलून तिथे भक्तीचे शब्द घातले. इथे मात्र माझ्या मनात एक गोष्ट खुपते आणि ती लिहिल्यावाचून राहवत नाही. गाणे सोज्ज्वळ झाले, घरंदाज झाले, घरात आले. पण ज्यांनी ते पिढ्यानपिढ्या गळ्यात सांभाळले, त्या गाणाऱ्या बाया नव्या विद्यालयांच्या दाराबाहेरच राहिल्या. त्यांच्या पोटाचा विचार त्या काळी फारसा कोणी केला नाही. पुढे हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकांनी तिकिटाचे जाहीर कार्यक्रम करून आपली वाट आपण काढली. हे बुवांचे उणे काढण्यासाठी मी म्हणत नाही, पण चरित्र लिहायचे तर एकाच बाजूचा दिवा लावून चालत नाही.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईला विद्यालय काढले आणि हळूहळू तेच मुख्य झाले. विद्यार्थी वाढले, मुंबईत सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची मोठी इमारत झाली. त्यासाठी कर्ज काढले. कर्ज फेडण्यासाठी जलसे, त्यातून थोडे फिटले की नवे काम, नव्या कामाला पुन्हा कर्ज. आपल्यातल्या कितीतरी जणींनी हे चक्र घरात पाहिले आहे. शेवटी १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव झाला. शेकडो मुलांना मिळवते करणाऱ्या माणसाला स्वतःचा जमाखर्च जमला नाही. मला याचे वाईट वाटते आणि थोडा रागही येतो. राग येतो तो रमाबाईंसाठी.

रमाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. या दांपत्याला बारा अपत्ये झाली आणि त्यांतली अकरा लहानपणीच गेली. अकरा! ही ओळ वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. बुवांच्या कार्याबद्दल पानेच्या पाने आहेत, रमाबाईंबद्दल दोन-चार वाक्ये. उपदेशक वर्गाच्या मुलांची नऊ-नऊ वर्षे जेवणे होत, तो संसार केवढा असेल! त्या काय बोलल्या असतील, केव्हा रडल्या असतील, ते कोणी लिहून ठेवले नाही आणि मी मनाचे लिहिणार नाही. बारावे मूल तेवढे राहिले. ते दत्तात्रेय, १९२१ साली जन्मलेले. घरात त्यांना बापू म्हणत.

इमारत गेली तेव्हा बुवा भक्तिमार्गाकडे पूर्ण वळले होते. नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला होता. तिथे रामायण आणि रामनाम चाले. रघुपति राघव या धुनीची जी चाल आपण सगळ्या म्हणतो, ती त्यांचीच म्हणून ओळखली जाते. काही शिष्य तिथेही त्यांच्याजवळ राहिले.

पण इमारत गेली म्हणून शिष्य उपाशी राहिले का? हेच तर पाहण्यासारखे आहे. नारायण मोरेश्वर खरे यांना गांधीजींच्या मागणीवरून बुवांनी साबरमतीच्या आश्रमात पाठवले. त्यांनी तिथे प्रार्थना बसवली, आश्रम भजनावली तयार केली आणि १९३० मध्ये दांडीच्या यात्रेत ते चालत गेले. विनायकराव पटवर्धन १९२२ पासून दहा वर्षे बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत नट म्हणून राहिले. मग नाटक सोडून १९३२ मध्ये त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले आणि रागविज्ञानाचे भाग लिहिले. बा. र. देवधरांनी मुंबईत १९२५ मध्ये आपली शाळा काढली, आवाज कसा जोपासावा याचा अभ्यास केला, संगीत कला विहार मासिक चालवले. कुमार गंधर्व त्यांच्याच शाळेत वाढले. कोल्हापूरच्या व्यास बंधूंपैकी नारायणरावांच्या तबकड्या घरोघर वाजत, तर शंकररावांनी भरतमिलाप (१९४२) आणि रामराज्य (१९४३) या बोलपटांना संगीत दिले. ओंकारनाथ ठाकूर हे गुजरातेतल्या अतिशय गरीब घरचे. एका पारशी गृहस्थाने मदत केली म्हणून ते बुवांकडे येऊ शकले. विशीच्या आतबाहेर असतानाच लाहोरच्या शाळेचा कारभार त्यांच्यावर आला आणि पुढे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले.

एकाच पंक्तीत जेवलेली ही माणसे. कोणी नट, कोणी लेखक, कोणी बोलपटात, कोणी आश्रमात. गाणारे सगळेच होते, पण निव्वळ मैफलीवर जगले असे फार थोडे. आणि ज्यांची नावे मला माहीत नाहीत, असे कितीतरी शिष्य गावोगावच्या शाळांत, लहान विद्यालयांत मुलांना शिकवून आपला संसार करीत राहिले.

हे सारे मी भाऊजींना एका दुपारी वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले, मग म्हणाले की ती माणसे मोठी होती, आपल्या पोरीचे बोला. रास्त बोलले. म्हणून आम्ही बसून मोजले की पोरीला गळ्याखेरीज काय येते. ती लहान मुलांचा भजनाचा वर्ग घेते आणि मुले तिला घाबरत नाहीत तरी गप्प बसतात. पन्नास बायांपुढे उभे राहून बोलताना तिचा आवाज थरथरत नाही. ऐकलेली चाल स्वरांत लिहून काढते. तबल्याची वादी ओढून तो स्वरात मिळवते. सप्ताहाचा कार्यक्रम कुठल्या वेळी कोणाचा, हे तिने दोन वर्षे एका वहीवर चालवले आहे आणि भांडण झालेले नाही. शाळांत संगीतशिक्षकांच्या जागा थोड्या असतात, हे मलाही कळते. तिने पदवीला गाण्याबरोबर दुसरे विषयही घ्यावेत, हे भाऊजींचे म्हणणे मला पटते. तरी आमचा निर्णय अजून व्हायचा आहे. पण आता तो विषय निघाला की ताटावरून कोणी उठत नाही.

पंडितजी २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला वारले. ज्या गावातून ते गुरूच्या अपमानाने बाहेर पडले, त्याच गावी शेवट झाला. वय एकोणसाठ. मागे रमाबाई आणि दहा वर्षांचा बापू. त्याच वर्षाअखेर शिष्य अहमदाबादेत जमले आणि त्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आपल्या मुली प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या.

बापूचे शिक्षण शिष्यांनी अंगावर घेतले. वडिलांनी ज्यांना पंक्तीला बसवून शिकवले, ते विनायकराव आणि नारायणराव त्याचे गुरू झाले. १९३५ मध्ये जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात, वडिलांची पहिली शाळा निघाली त्याच पंजाबात, चौदा वर्षांचा दत्तात्रेय विष्णु पलुसकर पहिल्यांदा मोठ्या सभेपुढे गायला बसला.